ग्रंथ आणि गाव

दिवाळीच्या फराळाशेजारी मार्क्स आणि क्रोपोटकिन यांना आणून बसविणे काहींना रुचणार नाही. पण घरातला मुलगा किंवा मुलगी एके दिवशी असे एखादे पुस्तक आपणहून घेऊन येते आणि चार दिवसांनी जेवताना वडिलांशी वाद घालू लागते, हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. कॉलेजात या विषयाची ओळख परीक्षेपुरती होते. पक्षाच्या अभ्यासवर्गात उत्तरे बहुधा आधीच ठरलेली असतात. तेव्हा ज्याचे त्यानेच वाचायचे. प्रश्न एवढाच, की गुरूवाचून वाचणाऱ्याने ग्रंथाची पारख करावी कशी?

श्रीपाद अमृत डांगे यांनी १९२१ साली ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही इंग्रजी पुस्तिका लिहिली, तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते. साम्यवादी वाङ्मय त्या काळी मुंबईत मिळणे दुर्घट. हाती लागले तेवढ्यावर त्यांनी भागविले. पुस्तिकेतील माहिती तोकडी आहे, पण तिच्यामागचा प्रश्न त्यांचा स्वतःचा आहे: टिळकांच्या पश्चात देशाने कोणत्या वाटेने जावे?

पुढे १९४९ साली त्यांचा प्राचीन भारतावरील ग्रंथ आला. एंगल्सने १८८४ साली कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि राज्यसंस्था यांच्या उगमाविषयी जे मांडले, त्याचा साचा डांग्यांनी वेदकाळाला लावला आणि यज्ञ ही आर्यांची सामुदायिक उत्पादनाची रीत ठरविली. कल्पना तेजस्वी खरी. भक्ती आणि टवाळी दोन्ही सोडून यज्ञाकडे श्रमाच्या अंगाने पाहण्यास तिने शिकविले. पण इथे साचा आधी आला आणि पुरावा मागून. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात या ग्रंथाची कठोर झडती घेतली. कोसंबी मार्क्सची पद्धत मानणारे, म्हणूनच त्या टीकेला वजन आहे. ते पेशाने गणिती. इतिहास त्यांचा त्यांनीच शिकलेला. पण ते ग्रंथांवर थांबले नाहीत. पुण्याच्या आसपासची खेडी त्यांनी पायांखाली घातली. दगडी हत्यारे, म्हसोबा, मातृदेवतांची ठाणी पाहिली आणि मग लिहिले. डांग्यांच्या ग्रंथाची टिपणे तुरुंगात झाली, तेथून गावे कोठून दिसणार, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. तरी धडा उरतोच: ग्रंथाला गावाची साक्ष हवी.

हीच कसोटी क्रोपोटकिनच्या ‘परस्पर साहाय्य’ या १९०२ च्या ग्रंथाला लावून पाहू. मराठीत ‘अराजक’ म्हटले की लूटमार डोळ्यांपुढे येते. म्हणून त्याच्या मताला ‘अराज्यवाद’ म्हणणे बरे. हा रशियन सरदारपुत्र भूगोलाचा अभ्यासक होता. सैबेरियाच्या थंडीत जीव एकमेकांशी झगडून जगतात त्याहून अधिक एकमेकांना धरून जगतात, असे त्याला दिसले. माणसेही तशीच जगत आली आहेत, मग डोक्यावर राज्यसंस्था हवीच कशाला, हा त्याचा सवाल.

मुळा-मुठेच्या काठी मांजरीला बसून हे पुस्तक वाचणाऱ्याला ते प्रथम घरचेच वाटेल. आपल्याकडे याला शब्द आहेत: सावड आहे, इर्जिक आहे, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात पडकई आहे. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पण गावाची साक्ष अर्धी काढून चालत नाही. त्याच गावात बलुतेदारीही होती. तीही देवाणघेवाणच, पण कोणी काय द्यायचे आणि कोणी कोठे उभे राहून घ्यायचे, हे जातीने ठरविलेले. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ग्रामपंचायतींच्या गोडव्यांचा जो समाचार घेतला, तो याच अनुभवातून. महार वतन सुटले ते १९५८ च्या कायद्याने, गावाच्या परस्पर साहाय्याने नव्हे. गावकुसाबाहेरच्या माणसाला त्या वेळी राज्यसंस्थाच उपयोगी पडली. क्रोपोटकिनच्या ग्रंथातले हे मोठे छिद्र, आणि ते पाहायला आपल्याला युरोपात जावे लागत नाही.

म्हणून त्याचा सवाल मात्र निकालात निघत नाही. सहकारी साखर कारखान्यांनी १९७५ साली उभी केलेली, आज वसंतदादांच्या नावाने चालणारी संशोधनसंस्था मांजरीतच आहे. तो सहकार शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा राहिला, तसाच सरकारच्या पैशावर आणि हमीवरही. त्यात साहाय्य किती आणि सत्ता किती? २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेले. ग्रामपंचायतीच्या जागी महापालिका आली, तेव्हा नळाच्या पाण्याचा निर्णय माणसाच्या जवळ आला की दूर गेला? हे प्रश्न क्रोपोटकिनचेच आहेत. उत्तरे मात्र त्याच्या पुस्तकात नाहीत.

तेव्हा जेवताना पोराने वाद काढला तर वडिलांनी पुस्तक काढून घेऊ नये, आणि ‘मोठा झालास की कळेल’ असेही म्हणू नये. आजोबांच्या वेळी सावड कशी चाले, ते त्याला सांगावे. आणि सावडीला कोणाला बोलावीत नसत, तेही सांगावे.