'जनरली' म्हणजे पाचपैकी किती?

गेल्या सत्रात लॅबच्या मीटिंगमध्ये मी माझ्या चांदीच्या नॅनोकणांबद्दल बोलत होते. म्हटलं, "जनरली पीएच वाढवला की कण लहान होतात." सरांनी विचारलं, "जनरली म्हणजे पाचपैकी किती?" मी वही उघडली. तीन. एकदा काहीच फरक नव्हता आणि एकदा तळाशी गाळ बसला होता.

गाळ बसला त्या दिवशी बोरोहायड्राइडचं द्रावण आदल्या दिवशीचं वापरलं होतं. ते पाण्यात विघटित होत जातं, म्हणून ताजंच बनवायचं असतं. हे मला माहीत होतं, वहीतही लिहिलेलं होतं. तरी त्या एका 'जनरली'खाली मी ते झाकून टाकलं, आणि झाकतेय हे मला कळलंही नाही.

त्या दिवसापासून मी स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकते. (करून बघा. पहिली दोन मिनिटं फार जड जातात.) आपल्याला सगळे सांगतात की 'अं', 'म्हणजे' टाळा. मला हा सल्ला चुकीच्या जागी दिलेला वाटतो. क्लार्क आणि फॉक्स ट्री यांनी 2002 मध्ये इंग्रजीतल्या 'अ' आणि 'अम'वर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की हे आवाज म्हणजे नुसती अडखळ नव्हे. 'आता थोडा थांबणार आहे' अशी सूचना बोलणारा त्यातून देतो. आपलं 'म्हणजे'ही बिचारं निरुपद्रवी आहे, फक्त त्याच्यानंतर खरंच काहीतरी उलगडून सांगा. मला भीती वाटते ती रुबाबदार शब्दांची.

'सिग्निफिकंट' घ्या. फिशर यांच्या 1925 च्या पुस्तकानंतर 0.05 ची मर्यादा सगळीकडे रुळली. पण आपण कॅन्टीनमध्ये आणि सेमिनारमध्येही 'सिग्निफिकंट फरक' म्हणतो तेव्हा मनात अर्थ असतो 'मोठा फरक'. समजा, दोन तालुक्यांतल्या एकाच वयाच्या प्रत्येकी पाच हजार मुलांची उंची मोजली आणि सरासरीत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक आला. चाचणी त्याला बिनदिक्कत सिग्निफिकंट म्हणेल. मुलांकडे बघून तो फरक कुणाला दिसेल का? 2019 मध्ये 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन' या नियतकालिकाच्या विशेषांकात संपादकांनी हा शब्दप्रयोगच सोडून द्या असं सुचवलं. मी इतक्या टोकाला जाणार नाही. पण तोंडी बोलताना तरी फरक किती आला तो आकडा आधी सांगा, पी-व्हॅल्यू नंतर.

'बेसिकली'बद्दल फार लिहीत नाही. वाक्यातून काढून बघा, काही बिघडत नाही.

दुसरी सवय जास्त महागात पडते, विशेषतः तुम्ही पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करत असाल तर. ती म्हणजे 'केलं'. "एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही एक्सआरडी केलं." प्रत्यक्षात सॅम्पल छोट्या बाटलीत भरून कुरिअरने दुसऱ्या संस्थेत पाठवलेलं असतं आणि आठ दिवसांनी मेलवर आलेख आलेला असतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, बहुतेक कॉलेजांकडे ते यंत्र नसतंच. पण 'केलं' म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "कोणत्या कोनापासून कोणत्या कोनापर्यंत स्कॅन केलंत?" आणि मग आपण छताकडे बघतो. "पाठवून करून घेतलं, आलेख मात्र मी स्वतः वाचला," एवढं म्हटलंत तर प्रश्न आलेखावर येतील. ते तुम्हाला येतं. 'असं आढळून आलं' हे त्याचंच भावंड. कुणाला आढळलं? तुम्हाला, की तुम्ही वाचलेल्या पेपरमध्ये?

मी तो प्रयोग ताज्या द्रावणाने आणखी तीनदा केला, आणि पुढच्या मीटिंगमध्ये म्हटलं, "आठपैकी सहा." सर म्हणाले, "उरलेल्या दोघांचं काय?" गाळाचं मी सांगितलं. ज्या वेळी काहीच फरक पडला नाही, त्याचं कारण अजून शोधतेय.