हिरवळीतील पाया आणि उभे शिखर : केंब्रिजच्या सेंट जॉन्स चॅपेलचे एक वाचन

केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजच्या पहिल्या चौकात प्रवेश करणाऱ्या पाहुण्याची दृष्टी उजव्या हाताच्या १६३ फूट उंच मनोऱ्याकडे गेल्यावाचून राहत नाही. त्याच चौकाच्या हिरवळीत जमिनीलगत एका जुन्या वास्तूची बाह्यरेषा उमटलेली आहे, तिच्याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते. मनोऱ्याचे चॅपेल १८६९ मध्ये पवित्रविधीने खुले झाले. हिरवळीतील रेषा त्यापूर्वीच्या चॅपेलची, म्हणजे कॉलेजच्याही आधी तेथे असलेल्या तेराव्या शतकातील सेंट जॉन रुग्णाश्रमाच्या प्रार्थनास्थळाची. ‘ऐतिहासिक’ हे विशेषण या दोहोंपैकी कोणास लावावे, या प्रश्नापासूनच या वास्तूच्या चिकित्सेला आरंभ करणे युक्त ठरेल.

राजमाता लेडी मार्गारेट बोफर्ट यांच्या इच्छेनुसार, त्यांच्या मृत्यूनंतर बिशप जॉन फिशर यांच्या खटपटीने १५११ मध्ये कॉलेज स्थापन झाले, तेव्हा रुग्णाश्रमाचे प्रार्थनास्थळ पाडले गेले नाही. फेरफार करून ते वापरात घेतले गेले आणि पुढे साडेतीन शतके वापरात राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाढत्या कॉलेजला ते अपुरे आणि दिसावयास सामान्य वाटू लागले. नव्या वास्तूचे काम त्या काळातील अग्रगण्य वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्याकडे सोपवण्यात आले. स्कॉट यांनी शैली निवडली ती तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील गॉथिक. तेराव्या शतकाचा आभास उभारण्यासाठी तेराव्या शतकाची खरी वास्तू नाहीशी करण्यात आली, हा विरोधाभास त्या पिढीला फारसा खटकलेला दिसत नाही. त्यांच्या दृष्टीने प्राचीनता ही शैलीत होती. दगडांच्या वयात, त्यांवर साचलेल्या वापराच्या थरांत ती नव्हती. याच दृष्टीविरुद्ध विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. त्यास निमित्त झाले ट्यूक्सबरी येथील मठवास्तूच्या नूतनीकरणाचे, आणि ते काम स्कॉट यांच्याकडेच होते.

मनोऱ्याची कथाही बोलकी आहे. मूळ आराखड्यात छतावर केवळ एक सडपातळ सुळका होता. हेन्री होअर या माजी विद्यार्थ्याने देणगीचा व वार्षिक हप्त्यांचा शब्द दिल्यावर पर्शोर मठाच्या धर्तीचा भव्य मनोरा योजण्यात आला. पुढे रेल्वेतील अपघाताने होअर यांचा अंत झाला, हप्ते थांबले आणि उरलेला भार कॉलेजवर पडला. चौकाच्या मानाने हा मनोरा आजही अवजड वाटतो. देणगीच्या भरवशावर इमारती योजणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला हा प्रसंग अपरिचित वाटू नये.

एवढे दोष दाखवूनही आतील अनुभव नाकारता येत नाही. पॅरिसच्या सेंट-शापेलची आठवण देणारी उंच, अरुंद मांडणी. बहुकोनी पूर्व टोक. क्लेटन आणि बेल, हार्डमन, वेल्स यांच्या कारखान्यांतील रंगीत काचा. दगडी कमानींच्या पूर्वदालनात सुमारे १७७७ चे मेंग्ज यांचे, ख्रिस्ताला क्रुसावरून उतरवतानाचे चित्र टांगलेले आहे. परंतु दृष्टी खऱ्या अर्थाने स्थिरावते ती खाली, बसण्याच्या लाकडी आसनांवर. हे कोरीवकाम १५१६ चे असून जुन्या चॅपेलमधून वाचवून येथे बसवलेले आहे. स्कॉट यांच्या वास्तूतील सर्वांत जिवंत भाग असा उसना आहे. तिकीट काढून दुपारी येणारा प्रवासी काचा पाहून निघून जातो. सायंप्रार्थनेस त्याच आसनांच्या सान्निध्यात बसणाऱ्याला मात्र ही वास्तू डोळ्यांपेक्षा कानांसाठी अधिक आहे, हे उमगते. १९०२ पासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणदिनी गायकवृंद मनोऱ्याच्या माथ्यावरून गातो. या अवजड मनोऱ्याचे तेवढे तरी सार्थक झाले, असे म्हणावे लागते.

चॅपेल खुले झाल्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १८७१ मध्ये, ब्रिटिश संसदेने विद्यापीठांतील धार्मिक कसोट्यांचा कायदा संमत केला. ईश्वरविद्येशी संबंधित पदव्या व पदे वगळता फेलोशिपसाठी अँग्लिकन पंथाची अट उरली नाही. जी मक्तेदारी नव्या दगडात इतक्या आत्मविश्वासाने कोरली गेली, ती दगड जुना होण्यापूर्वीच संपली. मराठी वाचकाला याचा परिणाम परिचित आहे. याच कॉलेजचे विद्यार्थी र. पु. परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले आणि पुढे कॉलेजचे फेलोही झाले. परांजपे पुढे बुद्धिवादाचे उघड पुरस्कर्ते म्हणून ओळखले गेले. १८६९ च्या नियमांत असा मनुष्य या कॉलेजचा फेलो होणे शक्य नव्हते.

दुसरा दुवा वास्तूंचाच आहे. ज्या दशकात स्कॉट केंब्रिजचे चॅपेल रचत होते, त्याच दशकात त्यांनी भारतात पाऊल न ठेवता मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाचे आणि ग्रंथालय व राजाबाई मनोऱ्याचे आराखडे केले. १८७४ मध्ये पूर्ण झालेल्या सभागृहात शिरताच चॅपेलचीच रचना ओळखू येते : लांबट दालन, एका टोकास अर्धवर्तुळाकार भाग, वर मोठे चक्राकार गवाक्ष. पूजास्थान मात्र नाही. त्या जागी पदवी देणारे व्यासपीठ, आणि गवाक्षाच्या काचेत संतांऐवजी बारा राशी. परीक्षा घेणारे, धर्मनिरपेक्ष असे हे विद्यापीठ १८५७ मध्ये लंडनच्या नमुन्यावर स्थापन झाले होते. त्याला चॅपेलची गरज नव्हती, पण चॅपेलच्या गांभीर्याचा मोह होता. कलादृष्ट्या पाहता हे स्थलांतर केंब्रिजच्या मूळ वास्तूपेक्षा अधिक प्रामाणिक ठरते. येथे कोणतीही जुनी वास्तू पाडून जुनेपणाचा आव आणलेला नाही, आणि दगडही कुर्ल्याचा व पोरबंदरचा.

तथापि प्रामाणिकपणाची ही बाजू एका मर्यादेपर्यंतच टिकते. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या राजाबाई मनोऱ्यावर, युरोपात जेथे संत उभे असतात तेथे, पश्चिम भारतातील जातीजमातींच्या मूर्ती वेशभूषेसह बसवल्या आहेत. कल्पना देखणी आहे. परंतु केंब्रिजमध्ये पंथाची अट लेखी होती आणि म्हणून ती कायद्याने काढता आली. मुंबईत तशी लेखी अट नव्हतीच. मनोऱ्यावर ज्यांची प्रतिमा कोरली गेली, त्यांतील अनेकांच्या मुलांना शेजारच्या सभागृहातून पदवी घेऊन बाहेर पडण्यासाठी पुढील कित्येक दशके थांबावे लागले.