बचावपटूची मार्कलिस्ट

लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या आपल्याला माणूस गुणांवरून वाचायची सवय असते. नांदेडच्या क्लासच्या बॅनरवरही तेच: फोटो, नाव, मार्क. मुंबईचा बचावपटू राहुल भेके याच्यावर लिहिणारेही तेच करतात. २०१९च्या आयएसएल फायनलमध्ये जादा वेळेत त्याच्या हेडरने बंगळुरू एफसीला विजेतेपद मिळालं. २०२२मध्ये त्याच्याच हेडरने मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा तो पहिला विजय. बहुतेक लेख इथेच संपतात.

पण तो आधी एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून खेळला. एअर इंडियाला २०१३मध्ये आय-लीगबाहेर जावं लागलं. मुंबई एफसी २०१७मध्ये खाली घसरली आणि मग बंदच पडली. जिथे घडलो त्या टीमच उरत नसताना टिकून राहायचं, हे कुणी लिहीत नाही. रोजचा बचाव तर दिसतही नाही: अडवलेला पास, न झालेला गोल. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. न आलेला बग तिथेही कुणी मोजत नाही.

लिहिणाऱ्यांनी हा रकाना आखलाच नाही, तर आमच्याकडचं कुठलं पोर आपणहून बचावाला उभं राहील?