पुसलेलें लग्न

कथेंतील विवाह मोडावयाचा झाल्यास लेखकापाशीं दोन जुने व राजरोस मार्ग असतात. एक मृत्यूचा, दुसरा बेबनावाचा. दोन्ही मार्गांत झालेल्या लग्नाचा मान राहतो. विधुराचें दुःख काय किंवा काडीमोडाची कटुता काय, मागें लग्न झालें होतें म्हणूनच तीं संभवतात. अमेरिकेंतील मार्व्हल या प्रकाशनसंस्थेनें आपल्या ‘स्पायडरमॅन’ या चित्रकथेंतील नायकासाठीं जो तिसरा मार्ग काढला, त्यांत लग्न मोडलें नाहीं. तें झालेंच नव्हतें असें ठरविण्यांत आलें. या ठरावाचा खुलासा म्हणून २०१० सालीं जो केसादा यांनीं ‘वन मोमेंट इन टाइम’ ही चार अंकांची कथा लिहिली. तिचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें येथें योजिलें आहे. चित्रकथा म्हणजे पोरासोरांची करमणूक, असें म्हणून नाक मुरडणाऱ्या वाचकांस एवढेंच सुचवावेसें वाटतें कीं, येथें निघालेला प्रश्न चांगल्या संसारी माणसांचा आहे.

पूर्ववृत्त थोडक्यांत सांगतों. पीटर पार्कर हा न्यूयॉर्कचा विद्यार्थी १९६२ सालीं अवतरला. कोळ्याच्या दंशानें त्याच्या अंगीं अचाट सामर्थ्य येतें. पहिल्याच कथेंत समोरून पळणाऱ्या एका चोरास तो ‘आपल्याला काय त्याचें’ म्हणून जाऊं देतो, आणि तोच चोर पुढें त्याच्या चुलत्याचा खून करतो. नायकाचें सारें चरित्र या एका हयगयीचें प्रायश्चित्त आहे. १९८७ सालच्या वार्षिक अंकांत मेरी जेन वॉटसन हिच्याशीं त्याचें लग्न लागलें. चित्रें पॉल रायन यांचीं होतीं. त्याच वर्षीं ५ जून रोजीं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर वेषधारी नटांकरवीं हा समारंभ जाहीरपणें साजरा झाला, आणि नायकाचे एक जनक स्टॅन ली यांनीं स्वतः पौरोहित्य केलें! पुढें वीस वर्षें संसार चालला. नंतर २००७ सालीं ‘वन मोर डे’ या कथेंत पीटरची वृद्ध चुलती गोळी लागून मरणपंथास टेकलेली होती, आणि मेफिस्टो नांवाच्या सैतानानें तिचे प्राण वांचविण्याचा सौदा पुढें केला. किंमत पैशाची नव्हे, आत्म्याचीहि नव्हे. त्यास हवें होतें तें या दोघांचें लग्न. नवराबायकोंनीं तें दिलें. लेखक जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांस हा शेवट इतका खटकला कीं, शेवटच्या दोन अंकांवरून आपलें नांव काढून टाकण्याची इच्छा त्यांनीं उघड बोलून दाखविली होती. चित्रकार होते केसादा, आणि संस्थेचे प्रमुख संपादकहि तेच.

केसादा यांचें म्हणणें असें कीं, विवाहित नायक वयस्क वाटतो आणि त्यास घटस्फोटित किंवा विधुर केलें तर तो अधिकच वयस्क वाटेल. ही व्यापाऱ्याची विवंचना आहे आणि ती आम्ही समजूं शकतों. परंतु विवंचना दुकानाची आणि पाप नायकाचें, असा हा व्यवहार झाला.

आतां २०१० ची कथा. पीटर आणि मेरी जेन एकमेकांसमोर बसून गतकाळ आठवीत आहेत, अशी तिची मांडणी आहे. लग्नाच्या दिवशीं सैतानाच्या एका क्षुल्लक लुडबुडीनें एक भुरटा चोर पोलिसांच्या हातून निसटतो. त्याच्या पाठीं लागलेला पीटर जखमी होऊन बेशुद्ध पडतो. इकडे वधु पोषाख करून वाट पाहत राहते. लग्न चुकतें. पुढें मेरी जेन त्यास सांगते कीं, विवाह म्हणजे मुलेंबाळें, आणि तूं हें व्रत सोडीत नाहींस तोंवर मुलांचा संसार मांडण्याची माझी छाती होत नाहीं. दोघें मग लग्नावांचून एकत्र राहतात.

हा भाग वाचून आम्हीं क्षणभर पुस्तक खालीं ठेवलें. १९६२ सालीं चोरास सोडून दिला म्हणून चुलता गेला; आणि येथें चोरास सोडवत नाहीं म्हणून वधु जाते! एकाच अपराधाचें व्याज माणूस जन्मभर कसें फेडतो, हें दाखविणारी याहून चांगली योजना केसादा यांस सुचली नसती. मेरी जेनचें उत्तरहि विचारी स्त्रीचें आहे. त्यांत रुसवा नाहीं, हिशेब आहे. पाओलो रिव्हेरा यांचीं संयत चित्रें या प्रसंगास शोभतात. हें सर्व नायकाच्या स्वभावांतून घडलें असतें तर आम्हीं या कथेस शोकांतिका म्हटलें असतें. पण चोर सुटतो तो सैतानामुळें! स्वभावानें जें आपण होऊन घडलें असतें, तें घडविण्यास बाहेरून हात आणला, आणि त्या हाताबरोबर सारा अर्थ निघून गेला.

विस्मरणाचा आश्रय घेऊन नायकाचें पूर्वचरित्र सुधारण्याची युक्ति आपणांस अपरिचित नाहीं. महाभारतांतील दुष्यंतास सर्व कांहीं आठवत असतें, तरी लोकापवादाच्या भीतीनें तो भरसभेंत शकुंतलेस नाकारतो. कालिदासानें दुर्वासाचा शाप आणि अंगठी मध्यें घालून त्यास या पापांतून सोडविलें. मूळ कथा बदलली म्हणून कालिदासास कोणी दूषण देत नाहीं, आम्हीहि देत नाहीं. मात्र त्यानें दिलेलें विस्मरण फुकट नव्हतें. अंगठी सांपडतांच राजाचा सबंध सहावा अंक पश्चात्तापांत जातो. विसरला होता म्हणूनच आठवण त्यास अधिक जाळते. पीटरच्या वाट्यास असा सहावा अंक येत नाहीं. त्यास त्या सौद्याची आठवणच नाहीं; मग आपण काय दिलें याचें दुःख त्यानें करावें तरी कसें? जबाबदारी हाच ज्याचा धर्म, त्या नायकाकडून त्याच्या आयुष्यांतील सर्वांत मोठ्या निर्णयाची जबाबदारी काढून घेण्यांत आली आहे.

याहूनहि चमत्कारिक गोष्ट अशी कीं, १९८७ च्या अंकांतील रायन यांचीं पानें या कथेंत पुन्हां छापलीं आहेत. ज्या चित्रांतून लग्न लागलें, त्यांतूनच तें न लागल्याचा पुरावा तयार करावयाचा, हें कसब कोर्टांत शोभण्यासारखें आहे. वृत्तपत्रांत स्टॅन ली यांच्या नांवानें चालणाऱ्या स्वतंत्र मालिकेनें २००९ च्या आरंभीं हाच प्रयोग केला होता. पण थोड्याच महिन्यांत तें सर्व स्वप्न होतें असें सांगून तिनें नायकास पुन्हां बायकोजवळ आणून सोडलें. युक्ति बाळबोध खरी, पण त्या घरांत कोणी सैतान शिरला नाहीं.

उरला वयस्क नायकाचा आक्षेप. २०२४ सालीं याच मार्व्हलनें एका निराळ्या विश्वांत जोनाथन हिकमन आणि मार्को केकेत्तो यांच्याकडून नवी मालिका सुरू केली. तिच्यांतील पीटर आरंभापासूनच मेरी जेनचा नवरा आणि दोन मुलांचा बाप आहे. कोळ्याचें सामर्थ्य त्यास मागाहून मिळतें. तिच्या पहिल्या अंकाच्या अनेक आवृत्त्या काढाव्या लागल्या.