घुमारा, आस आणि कणीक : भरीव गिटारवरच्या जॅझ नादाची चिकित्सा

जॅझ गिटारविषयी बोलताना 'वॉर्म टोन' हा शब्द येताजाता वापरला जातो. मराठीत त्याचा 'ऊबदार आवाज' होतो. ऊब गोधडीला असते, चुलीपुढच्या जागेला असते. तारेच्या आवाजाला ती असते म्हणजे नेमके काय असते, हे सहसा कोणी सांगत नाही. शब्द मोघम राहिला की त्याचा फायदा विकणाऱ्याला होतो. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीच्या पट्ट्यात राहून जॅझकडे वळू पाहणाऱ्या वादकाला हा मोघमपणा परवडणारा नाही. दहा गिटारी हातात घेऊन, वाजवून, त्यातली एक निवडावी अशी सोय त्याच्या गावात नसते. मुंबईला किंवा पणजीला एक खेप करायची, नाहीतर न ऐकताच वाद्य घरपोच मागवायचे. निवड चुकली तर दोन वर्षांची साठवण गेली.

अशा वादकाला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला : जॅझ वाजवायचे तर पोकळ अंगाची मोठी गिटारच हवी, भरीव गिटार ही रॉकवाल्यांची. दुसरा : नाद बोटांत असतो, कोणतीही गिटार घे. पहिला सल्ला इतिहासाला धरून नाही आणि कोकणच्या हवेलाही मानवणारा नाही. दुसरा अर्धाच खरा आहे, म्हणून जास्त फसवा. जॅझला हवा असलेला नाद भरीव गिटारमधून निघतो, मात्र तो वजाबाकीने निघतो, आणि ही वजाबाकी कोणत्या वाद्यात सहज जमेल हाच निवडीचा खरा निकष आहे, अशी या लेखाची मांडणी आहे.

आपल्या शब्दांत

नादाच्या गुणांसाठी आपल्याकडे 'ऊबदार'पेक्षा नेमके शब्द आधीपासून आहेत. पखवाजाच्या डाव्या अंगाला घुमारा असतो. तंबोऱ्याला जवारी असते. घोडी आणि तार यांमधला दोरा सरकवला की उपस्वरांचे मोहोळ उठते. तार छेडल्यावर स्वर जितका वेळ रेंगाळतो ती त्याची आस. स्वराचा आरंभ टोकदार नसला, तर तो गोल.

हे शब्द जॅझ गिटारला लावून पाहावेत. जाणकार ज्याला 'वॉर्म' म्हणतात त्या आवाजाचा आरंभ गोल असतो, खालच्या अंगाला घुमारा असतो, जवारी फार थोडी असते आणि आस आखूड असते. शेवटच्या गुणाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ढोलक्या गिटारचा वरचा पातळ तक्ता तारेची शक्ती भराभर ओढून घेतो आणि हवेत टाकतो. म्हणून स्वर फुलतो आणि लवकर विरतो. भरीव गिटारचे लाकूड जवळपास हलत नाही, त्यामुळे तारेची शक्ती तारेतच राहते आणि स्वर लांबत जातो. भरीव गिटारमध्ये घुमाऱ्याची उणीव असते असे समजले जाते. प्रत्यक्षात तिच्यात आस आणि जवारी जास्त असते, आणि जे जास्त आहे ते काढता येते.

सिंधुदुर्गातल्या कानाला ही कल्पना नवी नाही. दशावतारात पायपेटीच्या जोडीला मृदंग वाजतो, डबलबारीत पखवाज. वाजवण्यापूर्वी डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक थापली जाते. कणकेचे वजन पडले की पुडीचा स्वर खाली उतरतो, वरचे कर्कश उपस्वर दबतात आणि घुमारा मोकळा होतो. कणीक नाद वाढवत नाही, नको ते झाकते. इलेक्ट्रिक गिटारवरचे टोनचे बटण हेच काम करते. त्याच्यामागे एक छोटा कपॅसिटर असतो. बटण मागे फिरवले की उंच कंपनांना तो जमिनीची वाट दाखवतो आणि खालची तेवढी पुढे जातात.

पोकळ गिटारचा दबदबा कसा तयार झाला

जॅझमधली इलेक्ट्रिक गिटार नादाच्या आवडीतून जन्मली नाही, ती ऐकू येण्याच्या गरजेतून जन्मली. ब्रासच्या गर्दीत साध्या गिटारचे काही चालत नव्हते. गिब्सनने १९३६ मध्ये ईएस-१५० बाजारात आणली. पोकळ गिटार आणि तिच्या दांडीजवळ एक जाडजूड चुंबकी पिकअप. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमनकडे आले आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी गेले. त्यांची मुद्रणे आज लक्ष देऊन ऐकली तर आवाजात चांगलीच धार जाणवते. ज्या परंपरेच्या नावाने ऊब विकली जाते तिचा मूळपुरुष फारसा ऊबदार नव्हता. पुढच्या पिढीने हा नाद मऊ केला, आणि त्यात वाद्याइतकाच हाताचा वाटा होता. वेस माँटगोमेरी यांनी प्लेक्ट्रम सोडून अंगठ्याने वाजवले. जिम हॉल यांनी हलक्या हाताने, कमी आवाजात ईएस-१७५ वाजवली.

भरीव गिटारही जॅझपासून दूर जन्मली नाही. लेस पॉल स्वतः जॅझ वादक. १९४० च्या सुमारास त्यांनी पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवून 'लॉग' तयार केला. नुसता ओंडका पाहून श्रोते गप्प राहत. एका गिटारचे दोन अर्ध त्याला दोन बाजूंनी चिकटवल्यावर तोच आवाज त्यांना आवडू लागला, असे ते सांगत. पोकळ गिटारच्या दबदब्यात कानाइतकाच डोळ्यांचाही भाग आहे, हे दाखवायला एवढी गोष्ट पुरेशी आहे.

१९५१ मध्ये फेंडरची टेलिकास्टर त्या नावाने आली, १९५२ मध्ये गिब्सनची लेस पॉल. १९५८ मध्ये फेंडरने जॅझवाल्यांना नजरेसमोर ठेवून एक भरीव गिटार काढली आणि तिचे नावच जॅझमास्टर ठेवले. जॅझवाल्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि कॅलिफोर्नियाच्या सर्फ बँडांनी ती उचलली. नावावरून वाद्य निवडू नये, याचा हा ठळक दाखला.

याउलट ज्यांच्या नावात जॅझ नव्हते अशा गिटारींनी जॅझ वाजवला. जो पास यांचा 'साउंड्स ऑफ सिनॅनॉन' हा १९६२ चा संग्रह फेंडरच्या भरीव गिटारवरचा आहे; ईएस-१७५ त्यांच्या हातात नंतर आली. टेड ग्रीन यांचा 'सोलो गिटार' (१९७७) टेलिकास्टरवरचा. आणि टोरंटोचे एड बिकर्ट. पॉल डेसमंड यांच्या 'प्युअर डेसमंड' या संग्रहासाठी १९७४ मध्ये त्यांनी साथ केली ती टेलिकास्टरवर. डोळे मिटून ऐकणाऱ्याला ती पोकळ गिटार वाटावी इतकी ती साथ गोल आणि आखूड आसेची आहे. कालांतराने त्यांनी तिच्या नेक पिकअपच्या जागी हंबकर बसवला. ज्या गिटारचा आवाज 'टणत्कारी' म्हणून प्रसिद्ध, तिच्यातून हा नाद निघतो, कारण बिकर्ट यांनी काय काढायचे ते ठरवले होते.

किनाऱ्याची हवा

आता हवेकडे. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळ्यात हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. लाकडी तंतुवाद्यासाठी ४५ ते ५५ टक्के ही सुखाची मर्यादा मानली जाते. कोरीव तक्त्याची पोकळ गिटार या हवेत फुगते, तिचे सांधे सुटू लागतात, तारा वर उचलल्या जातात. प्लायवूडची पोकळ गिटार तुलनेने टिकते. पण दुसरी अडचण तिलाही आहे. लग्नाच्या मांडवात किंवा जत्रेच्या रंगमंचावर कर्ण्यांसमोर उभे राहिले की पोकळ पेटी कर्ण्याचाच आवाज पिऊन पुन्हा पिकअपला पाजते आणि घों घों सुरू होते. १९५८ च्या ईएस-३३५ मध्ये पोकळ अंगाच्या मधोमध भरीव ठोकळा घालून यावर तोड काढली गेली. ज्याला परवडेल त्याच्यासाठी तो मधला मार्ग चांगला आहे, पण दमट हवेचा प्रश्न त्यानेही पुरता सुटत नाही.

भरीव गिटारला पेटीच नाही, त्यामुळे फुगायला तक्ता नाही आणि घों करायला पोकळी नाही. दांडी चार स्क्रूंनी जोडलेली असेल, तर ती गावातसुद्धा उघडून सरळ करता येते. ज्या जिल्ह्यात गिटार दुरुस्त करणारा सहजी मिळत नाही तिथे ही गोष्ट नादाइतकीच महत्त्वाची. म्हणून किनाऱ्यावरच्या वादकाने भरीव गिटार निवडली तर ती नाइलाजाची तडजोड समजू नये. त्याच्या परिस्थितीत तीच पहिली निवड ठरते.

निकषांचा क्रम

बाजारात लाकडाची चर्चा सर्वांत मोठ्याने होते : महोगनी ऊबदार, ॲश कडक, मेपल चकचकीत. चुंबकी पिकअप लाकूड ऐकत नाही, तारेची हालचाल ऐकतो. तारेतून किती शक्ती खेचली जाते एवढ्यापुरताच लाकडाचा हात असतो. पिकअप, तारा आणि ॲम्प यांच्यापुढे हा फरक लहान आहे. म्हणून लाकूड यादीत शेवटी जावे.

पहिला मान नेक पिकअपचा. बावीस पडद्यांच्या गिटारवर तो उघड्या तारेच्या साधारण पाव लांबीवर येतो. तिथे मूळ स्वराची हालचाल मोठी आणि चौथ्या उपस्वराची जवळजवळ शून्य, म्हणून आवाज आपोआप गोल होतो. ब्रिजजवळचा पिकअप कितीही महागडा असो, या कामाचा नाही. पिकअप हंबकर असावा हे अधिक बरे. सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी आखलेला आणि १९५७ पासून गिटारींवर दिसू लागलेला हा दुहेरी वेटोळ्यांचा पिकअप दोन कामे करतो. तो तारेचा रुंद पट्टा एकदम ऐकत असल्याने वरचे बारीक उपस्वर आपसात खोडले जातात. आणि विजेची गुणगुण तो खोडून टाकतो. जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात, रोषणाईच्या माळांखाली एकेरी पिकअपची गिटार घेऊन उभे राहिलेल्याला या दुसऱ्या कामाची किंमत सांगावी लागत नाही.

दुसरा मान तारांचा, आणि सर्वांत स्वस्त सुधारणा इथेच आहे. नव्या गिटारवर बहुधा ०.००९ किंवा ०.०१० इंचाची पहिली तार असते आणि जाड तारांवर गोल वेढा. त्या काढून ०.०११ किंवा ०.०१२ पासून सुरू होणाऱ्या, सपाट वेढ्याच्या तारा चढवाव्यात. जवारी निम्मी तिथेच जाते, आसही आखडते. तिसरी तारही वेढ्याची असावी. जाड तारांनी दांडीवर ताण वाढतो, म्हणून आतला ट्रस रॉड पुन्हा जुळवावा लागतो आणि वरच्या नटाच्या खाचा किंचित रुंद कराव्या लागतात. खाऱ्या हवेत आणखी एक लाभ आहे : सपाट वेढ्याच्या फटींत घाम आणि मीठ कमी साठते.

तिसरा मान ॲम्पचा. बारा इंची स्पीकरचा, स्वच्छ आवाजाचा, मोठ्याने न ओरडणारा ॲम्प हवा. एकूण रकमेचा मोठा भाग गिटारवर घालून उरलेल्यात ॲम्प घेणे ही नेहमीची रीत. जॅझपुरती ती उलटी केली तर पैसे सत्कारणी लागतात.

यानंतर घडण. लेस पॉल घाटाच्या गिटारची तार पावणेपंचवीस इंचांची, ताण थोडा कमी, हंबकर मुळातच बसवलेले. पण वजन अनेकदा चार किलोंच्या वर. टेलिकास्टर घाटाची तार साडेपंचवीस इंचांची, वजनाला हलकी, दुरुस्तीला सोपी. मात्र नेक पिकअप बदलून घ्यावा लागतो किंवा हंबकरवालाच नमुना शोधावा लागतो. रात्रभर उभे राहून वाजवणाऱ्याने दुसरी घ्यावी, बसून वाजवणाऱ्याने पहिली, असे मला वाटते.

हात आणि वारसा

'नाद बोटांत असतो' या सल्ल्यातला खरा अर्धा भाग आता योग्य जागी ठेवता येतो. वाद्य वजाबाकीला तयार असले, तरी प्रत्येक स्वर कुठे थांबवायचा हे हातानेच ठरते. भरीव गिटारवर हे काम दुप्पट असते, कारण पोकळ गिटार जी आस आपणहून मिटवते ती इथे बोटाने मिटवावी लागते.

हा हात कोकणाला परका नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून मुंबईत आलेल्या गोवेकर वादकांनी जॅझ तिथल्या हॉटेलांत आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवला. सी. रामचंद्र यांच्यासोबत चिक चॉकलेट होते आणि १९५१ च्या 'अलबेला'मधून तो ताल आमच्या गावांपर्यंत पोचला. मुंबईत जन्मलेले गोवेकर गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा १९६९ मध्ये लंडनमध्ये जो हॅरियट यांच्यासह 'हम दोनो' मुद्रित करत होते. त्यांच्या १९७२ च्या ध्वनिमुद्रणाचे नाव तर 'कोकण डान्स' आहे, आणि ते तीन दशकांनंतर बाजारात आले. जॅझ गिटारच्या जागतिक इतिहासात आपल्या किनाऱ्याचे नाव आहे. आपल्या चर्चेत मात्र ते अभावानेच येते. चर्चा परक्या विशेषणांत अडकल्याचा हाही एक परिणाम मानावा लागेल.

मृदंगवादक प्रयोगाआधी कणीक मळतो, थापतो, आवाज घेतो, थोडी खरवडतो, पुन्हा आवाज घेतो. प्रयोग संपला की ती काढून टाकतो. उद्याच्या हवेला उद्याची कणीक. भरीव गिटार घेणाऱ्याने हीच सवय उचलावी : टोनचे बटण, तारेवरचा हात आणि ॲम्पचा आवाज रोज, जागेप्रमाणे नव्याने लावायचा. दुकानात हंबकर आणि तारा विकत मिळतात, हे जुळवणे मिळत नाही. आणि ते ज्या वाद्यावर कमी कष्टात जमते ते वाद्य, त्याच्यावर कोणाचेही नाव कोरलेले असो, घ्यावे.