टोपवाला गांधील

'थ्रू द लुकिंग ग्लास'मधली अ‍ॅलिस पांढऱ्या घोडेस्वाराला निरोप देते आणि शेवटच्या ओढ्याकडे धाव घेते. बुद्धिबळाच्या पटावरचं हे प्यादं आता एक उडी मारणार आणि आठव्या घरात राणी होणार. छापील पुस्तकात ती लगेच उडी मारते. लुइस कॅरलने मात्र त्या उडीच्या आधी आणखी एक भेट लिहिली होती. तिची मुद्रितंही निघाली होती.

ती गाळली गेली चित्रकारामुळे. 'पंच'चे व्यंगचित्रकार जॉन टेनिएल यांनी १ जून १८७० रोजी कॅरलला पत्र लिहिलं. हे गांधीलमाशीचं प्रकरण आपल्याला रुचत नाही आणि केसांचा टोप घातलेली गांधीलमाशी चित्रात उतरवणं कलेच्या आवाक्याबाहेरचं आहे, असं त्यांचं म्हणणं. जॅबरवॉकसारखा राक्षस रेखाटणाऱ्या माणसाने हे म्हणावं, याची गंमत वाटते. कॅरलने ऐकलं आणि १८७१च्या अखेरीस पुस्तक त्या भेटीविना बाहेर पडलं. पुढे शंभर वर्षं हा मजकूर हरवलेलाच होता. जुलै १९७४मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात ती मुद्रितं निघाली आणि १९७७ साली मार्टिन गार्डनर यांच्या प्रस्तावनेसह स्वतंत्र पुस्तिका छापली गेली. काही अभ्यासकांनी तिच्या अस्सलपणाबद्दल शंका घेतली आहे. मला त्यातली अ‍ॅलिस अस्सल वाटते.

घडतं ते एवढंच. ओढ्याशी पोचलेल्या अ‍ॅलिसला मागून खोल उसासा ऐकू येतो. झाडाला टेकून, अंग आखडून, थंडीने कुडकुडत एक म्हातारा बसलाय; चेहरा गांधीलमाशीचा. आपला काही उपयोग होईल असं तिला वाटत नाही. पण उडी मारली की सगळंच बदलेल, मग मदत करता येणार नाही, हेही ती जाणते. राणी होण्याची घाई असताना ती नाखुशीनेच मागे फिरते. या नाखुशीत मला सगळ्या प्रकरणाचा जीव दिसतो. दयाळू मुलीचं आदर्श चित्र काढायचं असतं, तर कॅरलने तिला तत्परतेने धावत नेलं असतं.

म्हातारा तिच्यावर खेकसतो. ती दुखावते, निघून जावं असं तिच्या मनात येतं. मग वाटतं, हाडं दुखत असतील म्हणून चिडत असेल बिचारा. ती त्याला हात देऊन झाडाच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशा बाजूला बसवते. तिथे बसूनही त्याची कुरकुर तीच! आजारी आजोबांची उशी ज्याने कधी सारखी केली आहे, त्याला हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

मग ती त्याचं वर्तमानपत्र वाचून दाखवते, आणि इथे कॅरल खुलतो. बातमी आहे शोधमोहिमेची: मोहीम कोठीच्या खोलीत गेली आणि तिला पांढऱ्या साखरेचे पाच नवे खडे सापडले. तपकिरी साखर नाही? मग कसली मोहीम, असं म्हातारा फणकारतो. परतीच्या वाटेवर काकवीचं सरोवर लागतं. त्याचे काठ निळेपांढरे, चिनी मातीसारखे. सरोवर म्हणजे फडताळातलं भांडं, हे वाचणाऱ्याला कळतं, बातमीदाराला नाही. व्हिक्टोरियन काळातल्या शोधमोहिमांच्या बातम्यांचा थाट कॅरलने इथे चार ओळींत उतरवलाय. काकवी चाखताना दोघे जण बुडतात आणि म्हातारा अडून बसतो तो त्या बातमीतल्या एका शब्दावर.

टोपाची हकीकत त्यामानाने फिकी आहे. लोकांच्या सल्ल्याने त्याने आपले कुरळे केस काढले, टोप घातला, आणि मग तेच लोक हसू लागले. हे तो पद्यात सांगतो. पण त्या पद्याला कॅरलच्या इतर विक्षिप्त कवितांची धार नाही. शेवटी म्हातारा अ‍ॅलिसच्या रूपाची चिकित्सा करतो: जबडा धड नाही, डोळे इतके जवळजवळ की एकानेच भागलं असतं! तिचे केसही टोपच समजून तो काढायला पंजा पुढे करतो. ती शिताफीने दूर राहते, पण रागावत नाही.

आधीचा घोडेस्वारही म्हाताराच. त्याला निरोप देताना अ‍ॅलिस रुमाल हलवते. पण तो गोड, सौजन्यशील आहे. त्याच्याशी चांगलं वागायला काही कष्ट पडत नाहीत. गांधील किरकिऱ्या, उर्मट, दिसायलाही नकोसा. त्याच्यासाठी मुकुट थोडा वेळ लांबणीवर टाकणं ही खरी परीक्षा, आणि ती कुणी घेतलेली नाही. काम झाल्यावर, परत फिरले ते बरं झालं, एवढंच समाधान घेऊन ती टेकडी उतरते.

तरीही टेनिएल चुकले असं मी म्हणणार नाही. घोडेस्वाराच्या निरोपानंतर लगेच दुसरा म्हातारा आला असता, तर त्या निरोपाची हुरहूर पातळ झाली असती. म्हणून हे प्रकरण कादंबरीच्या मधे घुसडून वाचू नका. आधी पुस्तक संपवा, अ‍ॅलिसला राणी होऊ द्या, आणि मग ही पानं उघडा. गार्डनर यांच्या 'द अ‍ॅनोटेटेड अ‍ॅलिस'च्या १९९९च्या आवृत्तीत ती आहेत.