‘रिव्होल्टिंग’ : अर्धाच वाचलेला शब्द

एका काव्यवाचनानंतर एक प्राध्यापक-समीक्षक माझ्या गटारावरच्या कवितेबद्दल एकच शब्द बोलले : ‘रिव्होल्टिंग’. बोलले आणि चहा प्यायला गेले. माझं शिक्षण बेताचं. सूतगिरणीतली रात्रपाळी सुटल्यावर रद्दीतून घेतलेला इंग्रजी कोश काढला.

अर्थ सापडला : किळसवाणं, शिसारी आणणारं. पण त्याखालीच दुसरा अर्थ : बंड करणारं. मूळ लॅटिन, मागे फिरवणे, उलथणे. ‘रिव्होल्यूशन’ही त्याच मुळाचं पोर. इंग्रजीत आधी आला तो बंडाचा अर्थ. शेक्सपियरच्या नाटकात तोच आहे. किळसेचा मागाहून चिकटला, कारण किळस आली की पोट उलटतं. आपल्या मराठीचंही तसंच की! उलटी होते, आणि दाबलेला माणूस एक दिवस उलटतो. दोन्ही शब्द एकाच घरचे.

इंग्रजीतला एक जुना विनोद आहे. राजाला वर्दी मिळते, ‘शेतकरी रिव्होल्टिंग आहेत.’ राजा म्हणतो, ‘खरंय, फार घाण वास येतो त्यांचा.’ बंड दाराशी आलंय आणि राजा नाक धरून बसलाय. आमचे समीक्षक या राजाचे भाऊबंद. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला; पुष्कळांनी नाकाला रुमाल लावला. त्याच साली ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी ‘दलित पँथर’ उभी केली. शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच साली समोर उभे होते. पंडितांनी अर्धाच वाचला.

पण नुसतं त्यांना झोडून भागणार नाही. घाण, पू, शिव्या एकाखाली एक मांडल्या की विद्रोही कविता झाली, असं समजणारे आपल्यातही आहेत. मीही त्यातलाच. माझी ती कविता परत वाचली. गटार होतं, वास होता. आत उतरलेला माणूस नव्हता, आणि त्याला उतरवणारा हातही नव्हता. हाताने मैला काढण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले, तरी माणसं गटारात गुदमरून मरतात. किळस यायला पाहिजे ती याची. माझ्या कवितेत ती नुसत्या घाणीची आली. सर चुकले, तसा मीही चुकलो.

तेव्हा कुणी आपल्या कवितेला ‘रिव्होल्टिंग’ म्हटलं तर खवळू नका, फुशारूनही जाऊ नका. विचारा, कुठल्या अर्थानं? वाचणाऱ्याचं नुसतं पोट उलटलं, की माणूस उलटला? नुसतं पोट असेल तर कागद फाडा, परत लिहा. मी लिहायला बसलोय.